मगर आणि चौथा स्क्रू

माझ्या आईला तिच्या दोन्ही बहिणी थापाडी समजतात. कारण एक मगर. आई लहान असताना वैरागजवळच्या त्यांच्या गावात एकदा विहिरीवरून बोंब मारत घरी आली आणि विहिरीत मगर आहे असं सांगून तिने सगळी आळी गोळा केली. माणसं काठ्या आणि दोर घेऊन धावली. विहिरीत एक फुटकी घागर तरंगत होती. आता आई सत्तरीला आली, पण अजूनही तिने फोनवर साधं "आज सोलापुरात गार वाटतंय" म्हटलं, तरी पलीकडून वैरागची मावशी नाहीतर नातेपुत्याची मावशी एवढंच म्हणते, "आक्का, मगर!" आणि खिदळते.

तर अशा या आईने गेल्या वर्षी बहिणींना सांगितलं की ती विमान उडवते.

खरं तर उडवतेच. विमान म्हणजे रिमोटवरचं, फोमचं, घरी केलेलं, दोन हात पसरावेत एवढ्या पंखांचं. ते बाबा करतात. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, बाबा फोम कापायला बसले. त्यांची विमानं इतकी देखणी असतात की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती शोकेसमध्ये ठेवण्यासाठीच केली आहेत असं वाटतं, आणि बाबांनी एकदा उडवलं की आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. पहिलं विमान त्यांनी चिंचेत घातलं. दुसरं त्याच चिंचेत. तिसऱ्या वेळी रिमोट धरून ते नुसते त्या चिंचेकडेच बघत राहिले, तेव्हा आई म्हणाली, "आणा इकडं." ती जी उडवायला लागली ती आजपर्यंत. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि भलेभले तिथे गडबडतात. आईला विचारलं तर म्हणते, "त्यात काय? आपण आत बसलोय असं समजायचं की."

पण बहिणींना हे कोण पटवणार? "आक्का इमान उडवती! आन् मी आगबोट चालवती," असं नातेपुत्याच्या मावशीने सगळ्या सोयऱ्यांत पसरवून टाकलं. आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने दोघींना जानेवारीत हुरड्याला बोलावलं, शहराबाहेर बाबांच्या मित्राच्या शेतात, विमानतळाच्या अगदी उलट दिशेला. "या आणि आपल्या डोळ्यांनी बघा," असं फोनवर ठणकावून सांगितलं. मग नव्या पेठेत जाऊन खास त्या दिवसासाठी पोपटी साडी घेतली. एवढी भडक कशाला, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, "वरून दिसायला नको का मी?" वरून बघणारं कोण आहे, हे विचारायची बाबांची हिंमत झाली नाही.

मी हसत होते खरी, पण मला आईची काळजीही वाटत होती. माणूस आयुष्यभर एका मगरीपायी हसं करून घेतो, आणि एकदाच काहीतरी अचाट, खरंखुरं करतो, आणि तेही कुणाला खरं वाटत नाही. तिला त्या दिवशी विमान उडवून दाखवायचंच होतं. हुरडा काय, दुकानातही मिळतो.

आम्ही पुण्याहून शनिवारी दुपारी पोचलो, मी आणि माझा नवरा. इथे माझ्या नवऱ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्या मानपानातून झाला आहे. आमच्या घरात जावई म्हणजे देव. तो आला की त्याला पंख्याखालची खुर्ची. ताट त्याचं पहिलं. पाण्याचा तांब्या उचलायला तो वाकला की आई आणि बाबा दोघंही एकदम "अहो, अहो" करत धावतात. तो बिचारा कामाचा माणूस आहे, पुण्याच्या घरी धुणं वाळत घालतो, भांडी लावतो, पण सोलापुरात त्याला चार दिवस नुसतं बसवून ठेवतात आणि चुकूनही कुणी त्याला "असं नाही, असं" म्हणत नाही. एकदा त्याने चहात साखर समजून मीठ घातलं, तर बाबा तो चहा पूर्ण प्यायले आणि म्हणाले, "छान झालाय." त्याला या घरात काहीतरी करायला मिळावं म्हणून तो तडफडत असतो. मी त्याला कधीच देव मानलेलं नाही, त्यामुळे हे सगळं बघून माझा संताप संताप होतो.

शनिवारी संध्याकाळी शेतावर तालीम झाली. आईने मस्त तीन गिरक्या घेतल्या आणि उतरवताना विमानाचं नाक एका ढेकळावर आपटलं. फोमला काही झालं नाही. पण मोटरची दांडी वाकली, आणि मोटर चालू केली की सगळं विमान हिवताप आल्यासारखं थडथडायला लागलं. बाबा शांत होते. "नवी मोटर आहे घरात. चार स्क्रू काढायचे, चार लावायचे. सकाळी चहाच्या आधी होईल."

सकाळी चहाच्या आधी तीन स्क्रू निघाले.

मोटरच्या पाठीला एक लोखंडी चकती असते. चकती चार बारीक स्क्रूंनी मोटरला बसवायची आणि मग चकती विमानाच्या नाकाला. बाबांनी नाकापासून सोडवून चकतीसकट मोटर टेबलावर घेतली होती. चौथ्या स्क्रूचं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि त्यावर जिथे फुलीची खाच असायला हवी तिथे चकचकीत, गोल, गुळगुळीत खळगा. स्क्रूड्रायव्हर त्यात नुसता गरगर फिरत होता. मी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. आई स्वयंपाकघरात गेली. माझा नवरा खुर्चीतून उत्साहाने म्हणाला, "अगं, दिवाळीत ती मोटर मीच बसवली होती! अशी घट्ट आवळली होती ना, की हलणारच नाही. तो निळा डिंक पण भरपूर घातला होता, स्क्रू सैल होऊ नये म्हणून."

मी बाबांना आतल्या खोलीत गाठलं. "तुम्ही तेव्हा तिथेच होता ना? स्क्रूड्रायव्हर लहान पडत होता, घसरत होता, दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाही?"

"जावयाला काय सांगायचं?" बाबा हळूच म्हणाले. "एवढ्या आवडीनं आवळत होते."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. विद्यार्थ्याच्या चित्रातली एक रेघ वाकडी गेली तर खोडरबर घेऊन धावणारा हा माणूस समोर बसून स्क्रूचं मातेरं होताना बघत होता, आणि बहुतेक "वा" असंही म्हणाला असणार.

मग उपाय सुरू झाले. मेथीच्या जुडीचं रबर खळग्यावर ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबायचा, म्हणजे पकड येते, असं बाबांना माहीत होतं. ते हलक्या हाताने करणारे होते, पण नवऱ्याने "बाबा, द्या मी करतो" म्हटलं आणि बाबांनी लगेच देऊन टाकलं. त्याने असा जोर लावला की रबराचे तुकडे झाले. मग त्याने झटपट चिकटणाऱ्या डिंकाने स्क्रूड्रायव्हरच स्क्रूला चिकटवायचं ठरवलं. स्क्रूड्रायव्हर त्याच्या अंगठ्याला चिकटला. तो सोडवण्यात अर्धा तास गेला. तेल, गरम पाणी आणि आईच्या सूचना सगळं एकदमच चाललं होतं. बाबा प्रत्येक वेळी म्हणत होते, "चांगला प्रयत्न होता हं."

एवढ्यात फोन वाजला. वैरागची मावशी. "आक्का, निगालोय आमी दोगी. हिच्या पोराची जीप हाय. तुजं इमान तयार हाय न्हवं?"

"तयार हाय," आई म्हणाली. आमच्याशी पुस्तकातलं बोलणारी आई बहिणींशी बोलताना एका क्षणात गावची होते.

"मगर!" असं दोन गळ्यांतून आलं आणि फोन बंद झाला.

आईचं तोंड बघवत नव्हतं. पोपटी साडी नेसून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ती तयारच बसली होती, आणि टेबलावर त्या मुर्दाड मोटरकडे बघत होती. "त्यांना काय सांगू आता?" ती एवढंच म्हणाली. "स्क्रू निघाला नाही म्हणून सांगू? हसून हसून मरतील दोघी. हे पण मगरीसारखंच झालं."

मी नवऱ्याकडे असं बघितलं की पुण्यात असतो तर तो उठून गॅलरीत गेला असता. पण सोलापुरात तो देव असल्याने त्याला काहीच लागलं नाही.

आणि अशा आणीबाणीत, जीप निघालेली असताना, बाबा म्हणाले, "आधी जावईबापूंचा नाश्ता होऊ दे."

मी किंचाळणार होते. पण आईही उठलीच. देव उपाशी कसा राहील? कडक भाकरी आली, दही आलं, आणि शेंगांच्या चटणीची बरणी आली. आमच्या घरच्या त्या बरणीचं झाकण तेलाने दर आठवड्याला असं घट्ट बसतं की एकट्याने उघडत नाही. आई-बाबांची ती उघडायची ठरलेली रीत आहे. बाबा फडक्याने झाकण दोन्ही हातांत गच्च दाबून धरतात, अजिबात हलवत नाहीत, आणि आई बरणी पोटाशी घेऊन तिला फिरवते. लग्नापासून ते असंच करतात. झाकण फिरत नसेल तर झाकणाच्या नादी लागू नये, बरणी फिरवावी, हे आईचं म्हणणं.

बरणी फट्ट करून उघडली. आईने ती टेबलावर ठेवली, मोटरच्या शेजारी. मग तिने एकदा बरणीकडे बघितलं, एकदा मोटरकडे. बाबांनीही बघितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अहो," आई म्हणाली, "बाकीचे तीन निघालेत की!"

तीन निघाले होते, म्हणजे मोटर त्या एकाच स्क्रूवर लटकून होती. मग स्क्रू कशाला फिरवायचा? स्क्रू आणि चकती घट्ट धरून ठेवायची आणि मोटरच फिरवायची! बाबा चक्क टाळी वाजवून उठले. त्यांनी वायरींना डाग द्यायचं सोल्डरिंग मशीन तापवलं आणि त्याचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवलं, म्हणजे आतला डिंक पातळ होईल. मग आईने पक्कडीत चकती धरली. बाबांनी स्क्रूड्रायव्हर खळग्यावर सगळं अंग टाकून दाबला. मोटर धरायला तिसरं माणूस हवं होतं. मी हात पुढे केला, पण माझा नवरा खुर्ची मागे सारून, चटणीचा हात फडक्याला पुसून केव्हाच आला होता. कुणी त्याला नाही म्हणणार नव्हतंच.

त्याने मोटर फडक्यात गुंडाळून धरली. "सैल करायचं, म्हणजे डावीकडे," असं म्हणून तो सरसावला.

"उजवीकडे," आई म्हणाली. "झाकण आम्ही धरलंय. तुम्ही बरणी फिरवताय."

"नाही आई, स्क्रू नेहमी डावीकडेच सैल होतो," त्याने तिला समजावलं, आणि दंड फुगवून डावीकडे जोर लावायला घेतला. डावीकडे फिरवलं असतं तर तो स्क्रू आणखी आवळला गेला असता, नाहीतर मुळापासून तुटून आत राहिला असता. बाबांना हे माहीत होतं. त्यांनी डोळे बंद करून घेतले.

"अरे थांब की!" आई गरजली. "ठेव तो हात! एवढा शिकला आणि साधी बरणी उघडता येत नाही? एक स्क्रू तर भुगा करून ठेवलास, वर मलाच शिकवतोस? गप सांगते तिकडे फिरव!"

बाबांनी डोळे उघडले आणि जणू भूकंप बघावा तसं आईकडे बघितलं. आईलाही आपण काय बोललो ते कळलं, तिचा चेहरा भडकपणात साडीशी स्पर्धा करायला लागला. माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा उठून बॅग भरणार.

तो हळूहळू हसायला लागला. आधी गालात, मग दात दिसेपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्याला त्या घरात असं हसताना बघितलं नव्हतं. "हो आई," तो म्हणाला. "उजवीकडे. चुकलं."

आणि त्याने मोटर उजवीकडे फिरवली. एक बारीक कट्ट असा आवाज आला. मोटर थोडीशी फिरली आणि स्क्रूचं डोकं चकतीपासून नखभर वर उठलं. बाबांनी लगेच बारीक पक्कडीने ते डोकं पकडलं आणि आरामात, मुळा उपटावा तसं फिरवत बाहेर काढलं. आम्ही चौघं ओरडलो. शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. आई त्यांना तो स्क्रू दाखवत होती. बाबा नवी मोटर बसवत होते, आणि माझा नवरा त्यांच्या शेजारी बसून सारखा मला सांगत होता, "ऐकलंस ना? मला रागावल्या. भुगा केलास म्हणाल्या." यात्रेत पाळण्यात बसून आलेल्या पोरासारखा तो खूश होता. नवे स्क्रू लावताना बाबा त्याला म्हणाले, "थोडं हलक्या हातानं, जावईबापू." बाबांचीही जीभ सुटली होती.

शेतात पोचलो तेव्हा आगटी पेटलेली होती आणि मावश्या हुरड्याचा पहिला घास तोंडात टाकून वाटच बघत होत्या. नातेपुत्याची मावशी उन्हाचा चष्मा लावून आली होती. वैरागच्या मावशीने विमान हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "दोरी कुटं हाय गं?" तिला तो पतंगच वाटत होता.

"दोरी न्हाय. बघ आता," आई म्हणाली.

विमान हाताने भिरकावून सोडायचं असतं. आईने जावयाला बोट दाखवून सांगितलं, "सरळ फेका. वर नको. आणि मी म्हणल्याशिवाय नको." तो धावत जाऊन बांधावर उभा राहिला. आईने मोटर सुरू केली, पदर खोचला आणि मान हलवली. त्याने फेकलं, अगदी सरळ.

विमान ज्वारीच्या कणसांवरून सुळकन गेलं आणि वर चढलं. निळ्या आभाळात पांढरं विमान. आई दोन अंगठ्यांनी त्याला वळवत होती आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं. मी तिच्याकडे बघत होते, वर बघायचं विसरून. मला रडू आलं आणि हसूही. किती सुंदर दिसत होती ती त्या भडक साडीत.

"दाजीच उडवत असत्याल मागनं," नातेपुत्याची मावशी म्हणाली. बाबांनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले. एका हातात हुरड्याची ताटली होती, दुसऱ्यात दह्याची वाटी. मावशीने चष्मा काढला. आईने विमान लांब नेलं, वळवलं आणि थेट आमच्या अंगावर आणलं. वैरागची मावशी "अगं बया!" करत आगटीच्या मागे लपली. विमान आमच्या डोक्यावरून घरघरत गेलं, परत फिरलं, आणि ज्वारी कापून मोकळ्या झालेल्या तुकड्यात, ढेकळं चुकवून, अलगद उतरलं.

"उभे काय राहिलात?" आई जावयावर ओरडली. "पळा, घेऊन या!" माझा नवरा पायातल्या चपला तिथेच टाकून धसकटांतून धावत सुटला. बाबा "अहो, पायाला टोचेल" म्हणत होते, पण तो ऐकायच्या पलीकडे गेला होता.

दोघी मावश्या उठून आईजवळ आल्या, आणि वैरागच्या मावशीने तिच्या हातातला रिमोट हळूच बोटाने शिवून बघितला. मग आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"आक्का," ती म्हणाली, "मंग ती मगर बी खरीच हुती का गं?"

आता आईने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. दोघींनी ते जन्मभर मानलं असतं. आईने बांधाकडे बघितलं, विमान डोक्यावर घेऊन अनवाणी पळत येणाऱ्या जावयाकडे बघितलं, आणि खुद्कन हसली.

"न्हाय गं," ती म्हणाली. "घोरपड हुती. पर लई मोठी हुती."